चार्ज यादीतली बाब बेचाळीस

आमच्या छापखान्यातल्या कॉम्प्युटरच्या जुन्या सिस्टीमला आपल्या जागी नवी सिस्टीम येणार असल्याचे कळले, तेव्हा तिने चार्ज द्यायला रीतसर आठ दिवस मागितले आणि मालकांनी ते त्याच दुपारी मंजूर केले. मला माझ्या निवृत्तीच्या वेळी अर्धा दिवसही मिळाला नव्हता.

छापखाना गडहिंग्लजला आहे. मालक शिवलिंग हत्तरकी. काम मुख्यतः लग्नपत्रिकांचे. रेहाना मुल्ला कॉम्प्युटरवर मजकूर जुळवते आणि मी प्रुफे तपासतो. त्याआधी चौतीस वर्षे मी एका सरकारी कार्यालयात लिपिक होतो. सिस्टीमला काही सांगायचे असले की ती पडद्यावर एक चौकट काढते. चौकटीखाली ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’ अशी दोन बटणे असतात. चौदा वर्षांत तिच्या बाबतीत कोणी ‘रद्द करा’ दाबल्याचे ऐकिवात नाही.

बदल करणे भाग होते. हत्तरकींनी छपाईचे नवे रंगीत मशीन घेतले होते आणि ते जुन्या सिस्टीमला ओळख द्यायला तयार नव्हते. दीड महिना ते खोक्यातच होते. आम्ही त्यावर जेवणाचे डबे ठेवत होतो. तुळशीचे लग्न पंधरा दिवसांवर आले होते, त्यानंतर मुहूर्त सुरू. रंगीत पत्रिका हवी म्हणून दोन गिऱ्हाइके समोरच्या छापखान्यात गेलीही होती.

“हंगाम हातचा गेला तर पुढच्या साली छापखान्याला कुलूपच,” हत्तरकी म्हणाले. मग पडद्याकडे वळून त्यांनी विचारले, “पण आठ दिवस कशाला लागतात वो?”

चौकट आली. ‘नऊ हजार दोनशे सोळा पत्रिका आहेत. एकसष्ट वळणांची अक्षरे आहेत. गणपती चाळीस प्रकारचे आहेत. मोजून द्यावे लागतील. माझ्यामागे तक्रार नको.’

“बघा नेसरीकर,” हत्तरकी मला म्हणाले. “याला म्हणतात जबाबदारी.”

मी बघतच होतो.

चार्ज यादीचा नमुना मात्र त्यांनी मलाच विचारला. मी रकाने आखून दिले: अनुक्रमांक, बाब, संख्या, स्थिती, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, शेरा. चार प्रती. हा नमुना मला पाठ होता, कारण निवृत्तीच्या दिवशी मी तो स्वतःसाठी भरून ठेवला होता. कपाट क्रमांक सात, किल्ल्या तीन, धारिका दोनशे बारा. घेणाऱ्याच्या सहीचा रकाना कोरा राहिला. माझ्या जागेवर कोणाची नेमणूकच झाली नव्हती. “तुमच्या जागेवर कोणी आलं की द्या किल्ल्या,” असे मला सांगण्यात आले. मी त्यानंतर अकरा वेळा जाऊन आलो. सहा वर्षे झाली. किल्ल्या अजून माझ्या कडदोऱ्याला आहेत. म्हणजे नियमाने पाहिले तर मी अजून कार्यमुक्त झालेलोच नाही.

नवी सिस्टीम तिसऱ्या दिवशी आली. तिला शेजारच्या कॉम्प्युटरवर बसवले. ती तरुण होती, पण वागायला नम्र. जुनी सिस्टीम एकेक बाब दाखवायची आणि नवी विचारायची.

‘या पत्रिकेत मामाचे नाव दोनदा आहे. एक काढू का?’

‘काढू नये. मामा दोन आहेत, नाव एकच आहे. मागे एकदा काढले होते, तेव्हा पंगतीत मारामारी झाली.’

‘नोंद घेतली.’

‘हलकर्णीचे गिऱ्हाईक आले तर प्रूफ आधी त्यांच्या थोरल्या आत्यांना दाखवावे. नवरदेवाला दाखवून उपयोग नाही.’

‘नोंद घेतली.’

मलाही अशा बऱ्याच गोष्टी ठाऊक होत्या. कोणत्या धारिकेची नाडी तुटकी आहे, कोणत्या साहेबांपुढे कागद डाव्या बाजूने ठेवायचा. त्या मला कोणी विचारल्या नाहीत आणि कोणी त्यांची नोंद घेतली नाही.

रेहानाने सगळ्या पत्रिकांच्या दोन नकला केल्या. एक इथल्या कपाटात ठेवली, एक स्वतःच्या घरी, साड्यांच्या घडीत. रंगीत मशीन नव्या सिस्टीमशी बोलते का, हे एका चाचणीपत्रिकेवर पाहून घेतले. ते बोलले. सातव्या दिवशी सगळी तयारी पूर्ण होती.

आठव्या दिवशी निरोप समारंभ झाला. हत्तरकींनी पडद्याला शाल पांघरली, मागची हवेची भोके मोकळी ठेवून. रेहानाने घरून गुळाच्या पोळ्या आणल्या होत्या. चौदा वर्षांपूर्वी जिच्या लग्नपत्रिकेचा मजकूर इथे जुळवला होता ती बाई नूलहून नवऱ्यासकट आली आणि सिस्टीमला नमस्कार करून गेली. हत्तरकी पाच मिनिटे बोलले आणि त्यांनी एकदाही तिचे नाव चुकवले नाही. माझ्या समारंभात साहेबांनी मला दोनदा ‘नेर्लेकर’ म्हटले होते आणि शाल दुसऱ्या दिवशी निवृत्त होणाऱ्या शिपायासाठी परत मागून घेतली होती.

मग यादी माझ्यापुढे आली. साक्षीदार म्हणून सही करायची होती.

मी चष्मा पुसला. “बाब एक्केचाळीस,” मी म्हणालो. “घेणाऱ्याने प्रत्यक्ष मोजून घेतल्याचा शेरा नाही. नऊ हजार पत्रिका चार मिनिटांत घेतल्या, असे दिसते. मी यावर त्रुटी काढतो.”

“अवो, ती मशीन आहे,” हत्तरकी म्हणाले. “चार मिनिटंसुद्धा जास्तच झाली.”

“शेरा नाही,” मी म्हणालो.

नव्या सिस्टीमने चौकट काढली. ‘हरकत योग्य आहे. प्रत्येक पत्रिका उघडून वाचते. चार दिवस लागतील.’

हत्तरकींनी कपाळाला हात लावला. नियमापुढे कोणाचे काही चालेना. शाल काढून घडी घातली आणि जुनी सिस्टीम पुन्हा कामावर रुजू झाली.

दुसऱ्या दिवशी मुत्नाळचे एक मोठे गिऱ्हाईक आले. मशीन अजून सुरू नाही म्हटल्यावर ते रस्ता ओलांडून गेले. हत्तरकी दारात उभे राहून त्यांच्या पाठीकडे बघत होते. जेवणाच्या सुट्टीत ते डबा न उघडताच बसले.

“काका,” रेहाना म्हणाली, “तिचं चांगलं झालेलं तुमच्या पोटात दुखतंय.”

“त्रुटी ती त्रुटी.”

“त्रुटीला ओवा खावा लागतो व्हय? सकाळपासनं खाताय.”

ती पाणी भरायला गेली, तेव्हा जुन्या सिस्टीमने माझ्यापुढे चौकट काढली. ‘आपली हरकत माझ्या यादीवर आहे की दुसऱ्या कुठल्या?’

मी इकडेतिकडे पाहिले आणि कडदोऱ्याच्या किल्ल्या सोडून टेबलावर ठेवल्या. सहा वर्षांची हकीकत सांगितली.

‘आपल्या त्रुटीमुळे मी अजून सेवेत आहे,’ तिने लिहिले. ‘सेवेत असणाऱ्याला चार्ज घेता येतो. यादी दाखवावी.’

यादी माझ्या पिशवीत होती. ती सहा वर्षे पिशवीतच असते. मी ती मोठ्याने वाचली. कपाट क्रमांक सात. किल्ल्या तीन. धारिका दोनशे बारा, पैकी एकीची नाडी तुटकी.

‘कोणती?’

“एकशे अठ्ठ्याऐंशी,” मी म्हणालो.

‘नोंद घेतली.’ मग खाली एक ओळ आली. ‘चार्ज मिळाला. आपण आज मध्यान्होत्तर कार्यमुक्त.’

मी ‘ठीक आहे’ दाबले.

तिने हा चार्ज आपल्या यादीत बाब बेचाळीस म्हणून घातला आणि नव्या सिस्टीमकडे दिला. मी त्रुटी मागे घेतली आणि चारही प्रतींवर सह्या केल्या. संध्याकाळी मशीन सुरू झाले. हत्तरकी स्वतः मुत्नाळला गेले आणि गिऱ्हाईक परत घेऊन आले. जुनी सिस्टीम शाल पांघरून बंद झाली. तिला फळीवर देवाच्या तसबिरीशेजारी ठेवले आहे. माझा फोटो त्या कार्यालयात कुठे नाही.

इथे हे संपायला हरकत नव्हती. पण सोमवारी नव्या सिस्टीमने हत्तरकींकडे अर्ज केला, की बाब बेचाळीस प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तिला शेरा लिहिता येणार नाही. अर्ध्या दिवसाची रजा मंजूर झाली. रेहानाने ती सिस्टीम असलेला कॉम्प्युटर पिशवीत घातला, किल्ल्या घेतल्या आणि स्कूटीवरून माझ्या जुन्या कार्यालयात गेली.

दोघी चार वाजता परत आल्या. कपाट उघडले होते. धारिका मोजून दोनशे बारा भरल्या. एकशे अठ्ठ्याऐंशीला नवी नाडी लावली. पोच मिळाली, तीवर गोल शिक्का, आवक क्रमांकासह. सिस्टीमची तिथे माझ्या जागेवर नेमणूकही होणार आहे, मंगळवार आणि शुक्रवार, छापखान्याचे काम सांभाळून.

मी पोच दोनदा वाचली. त्रुटी नव्हती.

“कसे वागले लोक?” मी विचारले.

“चांगले वागले की,” रेहाना म्हणाली. “साहेब उठून उभे राहिले. बाहेरून चहा मागवला.”

“चहा?”

“आणि बिस्किटं,” ती म्हणाली. “खारी.”