काकाजींचा सरकारी अंगठा

आमच्या शेजारचे काकाजी माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी अंगठा बघतात. तुम्ही नमस्कार केला की ते तुमचा उजवा हात धरतात, उताणा करून उजेडाकडे नेतात आणि विचारतात, "काय म्हणते अंगठा?" एकदा सौंसरच्या बसस्टँडवर नागपूरहून आलेल्या माझ्या भावाचा हात त्यांनी असाच पकडला. भावाला वाटलं, ज्योतिषी आहेत. त्यानं विचारलं, "परदेशी जाण्याचा योग आहे का?"

"ते मले नाही माहीत," काकाजी म्हणाले. "पण रेघा एक नंबर आहे. हातानं काही काम करत नाही वाटते तुम्ही."

माझा भाऊ बँकेत आहे. तो अजून त्यांच्यावर रागावलेला आहे.

काकाजींची सगळी नोकरी रजिस्ट्री ऑफिसात गेली. जमीन विकणाऱ्यांचे, घेणाऱ्यांचे, भांडून वाटण्या करणाऱ्यांचे अंगठे शाईत टेकवून कागदावर उमटवायचे, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर घरी बसून त्यांना करमेना. तेवढ्यात कॉलेजच्या पोरांच्या छात्रवृत्तीला, म्हणजे तुमच्या शिष्यवृत्तीला, अंगठा लागायला लागला. पोरगं इथलंच आहे आणि तेच आहे, हे ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानातल्या, कियोस्कवरच्या मशीनला पटलं पाहिजे, तरच फीचे पैसे येणार. काकाजी एकदम तरुण झाले.

आमच्याकडे ही मोठी पंचाईत आहे. नागपूर आम्हाला भोपाळपेक्षा कितीतरी जवळ, मामा-मावश्या सगळ्या तिकडे. पण फीची मदत मध्य प्रदेश सरकारची. ती मूळ इथल्या आणि इथल्याच कॉलेजात शिकणाऱ्या पोरांना. आता मूळ इथली पोरं म्हटलं की ती सुट्टीत कापूस वेचणार आणि संत्र्याच्या हंगामात बगिच्यात जाणार. कापसाच्या सुकलेल्या बोंडाची टोकं बोटं सोलून काढतात, रेघा पुसून टाकतात. म्हणजे जो जितका पक्का इथला, तितकं मशीन त्याला ओळखत नाही.

यावर काकाजींनी पथ्य काढलं. खोबरेल तेलाची लहान बाटली घेऊन ते घरोघरी फिरत. "हा अंगठा आता तुझा नाही, सरकारी आहे," असं पोरांना बजावत. कापूस वेचायचा नाही, मिरच्या चिरायच्या नाहीत, राखेला हात लावायचा नाही. रामाकोना गावची एक मुलगी उजव्या हाताला पायमोजा घालून कॉलेजात जात होती. मास्तरांनी विचारलं तर म्हणाली, "काकाजीनं सांगितलं." मास्तर हजेरी घ्यायला लागले. त्यांच्याही मुलाला छात्रवृत्ती होती.

माझी लेक पल्लवी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या बाबांनी सरळ सांगितलं होतं, छात्रवृत्ती आली तर कॉलेज, नाही तर घरी. ते काही दुष्ट नाहीत, पण बोरगावच्या शेतात घर भागतं, कॉलेज भागत नाही. आणि पहिल्याच खेपेला मशीननं पल्लवीचा अंगठा नाकारला. घरी येऊन ती चुलीपाशी रडत बसली. काकाजी बाटली घेऊन हजर झाले. अंगठा पाहून ते चुकचुकले.

"हे तारेच्या घासणीनं झालं. आता भांडे बंद."

"मग भांडी कोण घासेल, काकाजी?" मी विचारलं. मी दिवसभर ब्लाउज शिवते. लग्नसराई तोंडावर होती.

"तुम्ही आपली मशीन चालवा, सूनबाई. मी आहो ना."

आणि खरंच, हा पांढऱ्या धोतरातला माणूस आमच्या नळाखाली पाट घेऊन बसला. आमचे हे लाजेनं अर्धे झाले, हातातली कढई ओढायला गेले. काकाजी म्हणाले, "सरका बाजूले. सरकारी काम चालू आहे." भांडी घासताना बडबड अखंड. "सूनबाई, ही कढई आहे का डांबराचा पिपा?" गल्लीतल्या बायका मुद्दाम पाणी भरायला आमच्या नळावर यायला लागल्या.

ज्यानं भांडी घासली त्याला उपाशी कसं पाठवणार? रोज मी ताट वाढायची. रोज ते आधी "नको नको" म्हणत, मग पोळ्या मोडत आणि एकेका अंगठ्याच्या गोष्टी सांगत. दोन भावांनी रागारागात एकाच जागी अंगठा मारला आणि रजिस्ट्री रद्द झाली, ही गोष्ट तर पल्लवीनं किती वेळा सांगायला लावली असेल.

शेवटी अंगठा लागला. मशीनवर हिरवा दिवा पेटला तेव्हा काकाजी पल्लवीपेक्षा जास्त घामेजले होते. "अजून एक डाव लाव, पक्कं होऊन जाते," असं म्हणत होते, पण कियोस्कवाल्यानं हात जोडले. छात्रवृत्ती आली. दुसऱ्या दिवसापासून काकाजी यायचे बंद झाले. काम संपलं होतं.

यंदा पुन्हा छात्रवृत्तीची वेळ आली. संध्याकाळी काकाजी दारात उभे, धुतलेला सदरा, हातात नवी बाटली.

पल्लवी हसतच बाहेर गेली. "काकाजी, यंदा अंगठा नाही लागत. चेहऱ्यानं होते. मोबाइलसमोर डोळे मिचकावले, झालं. मी करूनही आली."

"असं का," काकाजी म्हणाले. "चांगलं झालं. सोपं झालं पोट्ट्याईले."

बाटली त्यांनी खिशात ठेवली. मग एकदा आमच्या नळाकडे पाहिलं, तिथे सकाळची भांडी पडली होती, आणि ते जायला वळले. मला फार वाईट वाटलं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा इंदूरला. त्यांच्या घरी एक ताट, एक वाटी, एक तांब्या. घासायचं ते काय आणि बोलायचं कोणाशी? इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहते मी, पण हे मला तेव्हा कुठे सुचलं.

पल्लवीला माझ्या आधी सुचलं असावं. ती म्हणाली, "पण काकाजी, सरकारचा काय भरवसा? उद्या म्हणतीन, चेहरा नाही चालत, अंगठा लाव. मंग?"

काकाजी थांबले. परत आले. तिचा हात धरून उताणा केला, दिव्याखाली नेला. यंदा तिनं कापसाला हात लावला नव्हता की तारेच्या घासणीला. मी परातीपाशी बसले होते, तिथूनही मला अंगठ्याच्या रेघा स्वच्छ दिसत होत्या.

काकाजींनी अंगठ्यावरून आपलं बोट फिरवलं.

"लयच घासला गेला, बाई," ते म्हणाले. "काही दिवस भांड्याले हात नको लावजो."

त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि पाट ओढला. मी परातीत आणखी दोन मुठी कणीक घेतली.