रशीदभाईंचा खोकला

आमच्या नांदुऱ्यातले रशीदभाई पिंजारी मोबाईलवर बोलण्याआधी हात धुवायचे, टोपी घालायचे आणि उभे राहायचे. सगळ्या फोनना नाही. मुलाचा सुरतेहून फोन आला, तर ते गादीवर लोळूनच बोलायचे. हा मान फक्त सकाळी अकराच्या फोनचा.

तो फोन सरकारी दवाखान्यातला. क्षयाच्या रोग्याने गोळ्या मध्येच सोडल्या तर रोग दुप्पट जोराने उलटतो, म्हणून रोज एका बाईचा भरून ठेवलेला आवाज विचारायचा, आजची गोळी घेतली का? घेतली असेल तर एक दाबा. रशीदभाई आधी अदबीने "जी मॅडम, घेतली" म्हणायचे आणि मग एक दाबायचे. नुसतं बटण दाबणं त्यांना उद्धटपणाचं वाटायचं. मी एकदा समजावलं की, अहो, ते यंत्र आहे, त्याला ऐकू येत नाही. तर म्हणाले, "ताई, विचारते तं खरं. आपल्या गल्लीत कोन विचारते?"

तेही खरंच होतं. रोगाचं नाव फुटल्यापासून गल्लीने त्यांच्याकडे रजया पिंजायला देणं बंद केलं होतं. टपरीवर त्यांचा चहाचा ग्लास वेगळा झाला होता. आधीच ते वर्ष वाईट. बोंडअळीने बीटी कापसालाही सोडलं नव्हतं, त्यामुळे नवी गादी भरवायची हौस कोणाला नव्हती. रशीदभाईंचा मात्र राग बीटीवरच. पिंजता पिंजता म्हणायचे, "पहिले कापूस पाहून शेत वळखू येत होतं. आता समदा एकाच पुडीतला."

मुलांनो, तुम्ही सुट्टीत आमच्याकडे आलात की ज्या गाद्यांवर झोपता, त्या मी त्यांच्याकडूनच पिंजून घेतल्या. काम आमच्या ओसरीवर चाले, त्यामुळे ते दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असत. आणि जितकं पाहावं तितका माझा गोंधळ वाढे. टपरीवर खोकणारा हा माणूस कापसाच्या धुरळ्यात बसून एकदाही खोकत नसे. डॉक्टरांनी ताकदीसाठी अंडी सांगितली म्हणून रोज अंडी नेई, पण स्वतः वाळत चालला होता. अंडी रशीदभाईंनी खायची आणि अंग त्यांच्या सलमाचं भरायचं, हा हिशेब मला काही लागेना. सलमा त्यांची धाकटी लेक. आई लहानपणीच गेलेली, लग्नाच्या वयाची, घरात बसून कपड्यांवर टिकल्या-मणी लावायचं काम करायची.

अशात रमजान आला. उन्हाळ्याचे दिवस. रशीदभाई पाण्याचा थेंबही घेत नव्हते. आजाऱ्याने रोजा नाही धरला तरी चालतो ना, असं मी विचारलं, तरी त्यांचा रोजा चालूच. एक दिवस अकराचा फोन वाजला तसे ते दचकले. "मॅडम, एक मिनिट थांबा," म्हणून फोन माझ्या हातात दिला आणि समोरच्या त्यांच्या घरात धावले. मॅडम काही थांबल्या नाहीत. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला, तोवर रशीदभाई परतले होते. "जी मॅडम, आता घेतली," असं म्हणून त्यांनी एक दाबलं. ओठ तसेच कोरडे.

आता मात्र मी चिडले. म्हटलं, रशीदभाई, एक तर तुमचा रोजा खोटा, नाहीतर गोळी खोटी. गोळ्या टाकून देत असाल तर मी आत्ता दवाखान्यात जाऊन सिस्टरला सांगते.

त्यांनी कापूस पिंजायची धुनकी खाली ठेवली. गल्लीत कोणी नाही ना ते पाहिलं.

"सिस्टरले सांगून काय कराल? तिले मालूम हाय. गोळी सलमाची हाय."

मी समोर त्यांच्या घराच्या दाराकडे पाहिलं.

"आज इसरली होती. माह्यासमोर गिळवली, मंगच आलो." मग माझ्या तोंडाकडे पाहून हसले. "ताई, बुढ्याचा खोकला लोकं दोन दिवसांत इसरतात. जवान पोरीचा जलमभर ध्यानात ठेवतात. पहिले ते बरी होऊ द्या. मंग पोराकडच्याईले मी सोता सांगतो. पन गल्लीनं काऊन सांगावं?"

आणि तुमचा धंदा गेला त्याचं काय, असं मी म्हणाले. ते पुन्हा पिंजू लागले.

हिवाळ्यात सलमाच्या गोळ्या संपल्या. तपासणीत रोग पार गेल्याचं निघालं आणि अकराचा फोन बंद झाला. मी पेढे घेऊन गेले. आत सलमा मणी ओवत कोणाशी तरी मोठ्याने हसत होती, आणि रशीदभाई दाराशी बसून टपरीवरच्या जुन्याच खोकल्याने खोकत होते.

आता कशाला, असं मी हळूच विचारलं.

"आजच बंद केला तं लोकाईले शक येईन," ते म्हणाले. "थोडा थोडा कमी करतो."

आणि खरंच, होळीपर्यंत ते हळूहळू बरे होत गेले.