बापूंचं बोट

मुलीसाठी स्थळ बघायला गेलेले आमच्या कारखान्यातले बापू मुलाशी एक शब्दही न बोलता थेट स्वयंपाकघरात शिरले, पाण्याच्या हंड्यात आतून बोट फिरवलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "पावणं, बाकी समदं झ्याक हाय, पण हंडा बुळबुळतोय." स्थळ मोडलं. बापूंना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पेठजवळच्या एका चीजच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. बापू तिथे टाक्यांची आणि पाइपांची धुलाई बघत. महाळुंगे पडवळहून एसटीने यायचे. चीजचा खरा वैरी म्हणजे पाइपांच्या सांध्यांत धरणारा बुळबुळीत थर. जंतू एकदा त्यात दडले, की वरून कॉस्टिक सोड्याचं कितीही पाणी जाऊ दे, ते ढिम्म हलत नाहीत. "गोधडी पांघरून निजल्यात लेकाचे," असं म्हणत बापू हातमोजा काढायचे आणि बोट आत घालायचे. हातमोज्याला काय कळतंय, हे त्यांचं ठाम मत.

माझ्या तपासणीचा निकाल यायला दोन दिवस लागत. बापूंचं बोट तिथल्या तिथे सांगे आणि कधी चुकत नसे. साहेब तर पाहुण्यांना यंत्रांच्या आधी ते बोट दाखवत. बापू लाजून हात खिशात घालत. हळूहळू मी आळशी झाले. बापू "झ्याक हाय" म्हणाले, की नमुना न घेताच रजिस्टरवर सही ठोकायची.

एका उन्हाळ्यात गोदामातले चीजचे ठोकळे टम्म फुगले. कापले तर आत भोकंच भोकं, आणि वास तर विचारूच नका. सगळा माल खड्ड्यात पुरावा लागला. शोधता शोधता टाकीखालच्या व्हॉल्व्हच्या रबरी रिंगेत बुळबुळ सापडली. मलासुद्धा पहिल्या स्पर्शाला कळली. बापू मात्र महिनाभर रोज तिथे बोट फिरवून "झ्याक हाय" म्हणत होते.

साहेबांकडे जाण्याआधी मी बापूंना गाठलं. मी चिडले होते. सही माझी होती ना!

"बापू, एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?"

ते नळाजवळच्या कट्ट्यावर बसले होते.

"सहा महिनं झालं, ताई. कॉस्टिकनं बोटं मेल्यात. नातीच्या गालाला लावून बघितली, म्हणलं, ताप न्हाई. सुनंनं हात लावला, तर पोर नुसती फणफणत व्हती."

"मग सांगायचं की!"

"सांगून? बोट गेल्यावं माझं हितं काय काम? रोज देवाचं नाव घ्यायचो अन् झ्याक म्हणायचो."

माझा राग कुठल्या कुठे गेला, पण विश्वास बसेना. ते त्यांना दिसलं असावं. त्यांनी डोळे मिटले आणि पंजा माझ्यापुढे धरला.

"लावा हात. तुमीच बघा."

मी एकेका बोटाच्या टोकाला हलकेच माझं बोट टेकवत गेले. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मला रडू आवरेना.

बापू डोळे मिटून तसेच बसून होते.

"लावा की, ताई," ते म्हणाले.