पैलपेठेस मेणा आधी पोहोचला त्याची हकीकत

श्री. सहावे रात्री येऊन कपाळी लिहिते आणि लिहिले ते कोणास वाचू देत नाही, त्या सटवाईस नमन असो. शके सतराशे चार, शुभकृत नाम संवत्सर, चैत्र मासी एका राज्यात मोठे अपूर्व वर्तले, ते येणेप्रमाणे.

राज्याचे नाव घेण्याचे कारण नाही. राज्य नांदते, पेठा पुष्कळ, मधून नदी, आणि थोरल्या महाराजांनी पुण्य जोडावे म्हणोन अडलेल्या बायकांसाठी सरकारी मेणे ठेविले होते, दर मेण्याबरोबर भोई आणि एक जाणती सुईण. मेणे उत्तम, गाद्या मखमली, आणि सारे राजवाड्याचे दरवाज्यात ओळीने उभे, कारण थोरल्या महाराजांनी ते तेथे उभे केले होते आणि थोरांनी ठेविलेली वस्तू हलवावी ऐसा रिवाज या राज्यात नव्हता. मग कोठे कळा लागल्या म्हणजे घरचा माणूस धावत दरवाज्यास येई, देवडीवाला त्यास निवांत नावगाव पुसे, आणि मग मेणा निघे. तो जवळचे पेठेस वेळेवर जाई आणि लांबचे पेठेस बारशाचे सुमारास जाई, ऐसे लोक हसून म्हणत. हसत नसत त्या सरसुईण दर्याबाई. मेण्यांचा सारा कारभार त्यांजकडे, दरबारी बसावयाचा मान, आणि त्यांची एकुलती लेक सगुणा नदीपलीकडे पैलपेठेत दिली होती. मागले साली सगुणेस माहेरी आणण्याआधीच कळा लागल्या, जावई धावत आला, मेणा धावत गेला, आणि बाळ गेले त्याउपर पोहोचला. आता पुन्हा दिवस राहिले होते, आणि दुसरे बाळंतपण सासरी करावयाची रीत. हुद्दा वापरून लेकीचे दारी मेणा उभा करावा, तर तो कोणा दुसरीचे वाटचा काढून, आणि ती दुसरीही कोणाची लेक, हे दर्याबाईंस कोणी सांगावे लागत नव्हते.

ऐशा घोरात असता एके दिवशी दर्याबाई वाण्याचे दुकानी सुंठ घ्यावयास गेल्या आणि वाणी हळीव जोखता जोखता म्हणाला, "बाईसाहेब, यंदा कुंभारपेठेत पाळणे फार हलणार. हळीव पुरेना मला." दर्याबाई सुंठ तेथेच विसरून घरी आल्या. घर दरवाज्यास निरोप धाडते तो शेवटचे घडीस, परंतु दुकानी महिनाभर आधीच बोलून चुकते, आणि आजवर ते एक वाणीच ऐकत होता. मग राणीसाहेबांपुढे जाऊन विनंती केली. दिवाण विसाजीपंत जवळच होते, ते बोलिले, "म्हणजे आता सरकारने बायकांचे लाडू मोजावे?" दर्याबाई म्हणाल्या, "पंत, लाडू मोजू नयेत, आणि कोणाचे ते पुसूही नये. पेठ कोणती, एवढेच पुरे." राणीसाहेब हसल्या आणि आज्ञा जाहली. दर दुकानी एक मडके ठेवावे, बाळंतिणीचे डिंक-हळीव विकले की वाण्याने त्यात तुरीचा एक दाणा टाकावा, आणि जो वाणी गिऱ्हाइकाचे नाव पुसेल त्याचे दुकानास टाळे. मग आठवड्यास सारी मडकी राजवाड्याचे चौकात यावी, तेथे रांगोळीने सारे राज्य काढिले होते, आणि ज्या पेठेचे दाणे त्या पेठेवर ओतावे, आणि जेथे रास मोठी तेथे मेणा नेऊन उभा करावा.

पहिलेच खेपेस सर्वांत मोठी रास मल्लपेठेवर पडली. दोन मेणे, दोन सुइणी, ऊन पाण्याची घंगाळी, ऐसा लवाजमा निघाला, आणि सुइणींनी पदर खोचून शोध घेतला तो तालमीचे दाराशी. वस्ताद खंडूजी अंगाची माती पुशीत बाहेर आले आणि म्हणाले, "मावशी, इथं पोट सुटलेले पुष्कळ आहेत, पण अडलेलं कोणी नाही. डिंक आमची पोरं खातात." ही गोष्ट दरबारी कळली आणि विसाजीपंतांनी आठ दिवस दर्याबाईंस पाहिले की विचारावे, "काय, पैलवान सुखरूप सुटला का?" दर्याबाईंनी डिंक काढून टाकिला आणि दाणा हळिवाचाच धरिला, कारण हळीव पैलवान खात नाही.

आणि मग जे जाहले ते पाहून लोक तोंडात बोट घालू लागले. कुंभारपेठेत एका सुनेस कळा लागल्या, सासूने लेकास पिटाळावे म्हणोन दार उघडिले, तो मेणा कोपऱ्यावर उभा आणि भोई पागोटी बांधून तयार. सासू म्हणाली, "अगो बाई, अजून सांगितलंही नाही." सुईण आत शिरत म्हणाली, "सांगत बसू नका, पाणी ठेवा." ऐसे पेठोपेठ होऊ लागले. लोक म्हणत, सरकारास स्वप्न पडते. म्हातारी माणसे जाता येता मेण्यास हात जोडीत. विसाजीपंतही चौकात येऊन रांगोळीकडे टक लावून बसत, की मूठभर तूर आणि तीत सारे राज्य कुशीवर वळताना दिसते.

मग राणीसाहेबांनी दर्याबाईंस शालजोडी देण्याचे योजिले, चौकातच बोलाविले, आणि दर्याबाईंची नजर रांगोळीवर गेली. पैलपेठ स्वच्छ. एक दाणा नाही. आणि तेथे आपली लेक पूर्ण दिवसांची बसली आहे, हे त्या पक्के जाणत होत्या. त्या म्हणाल्या, "पैलपेठेस मेणा पाहिजे." पंत म्हणाले, "दाणा नाही तेथे मेणा नाही, हा आपलाच कायदा. की लेकीसाठी सरकारी मेणा नदी ओलांडणार?" भर चौकात बोलणे लागले. दर्याबाईंनी शाल घेतली नाही, तशाच नावेत बसून पैलपेठेस विहीणबाई ठकूबाईंकडे गेल्या आणि पुसिले, "घरात हळीव का नाही?" ठकूबाई सुपात तांदूळ पाखडीत होत्या, त्या म्हणाल्या, "मागल्या वेळी सगळं आधी आणून ठेवलं होतं. डबा भरून. आता नाही हो आणायचं. मूल रडलं की मग आणू." आणि हळू म्हणाल्या, "शेजारी पण नाही आणत. इकडं ज्या त्या घरात काही ना काही झालंय." दर्याबाई उंबऱ्यात बसल्या. मेणा जेथे सदा उशिरा गेला, तेथेच लोकांनी आधी काही आणणे सोडिले, आणि जेथे काही आणले नाही तेथे आता मेणा जाणार नाही. आपणच लिहिलेला कायदा, आणि तो सर्वांत दुखावल्या पेठेस ओलांडून पुढे जात होता.

परंतु कितीही भ्याले तरी घर सातव्या महिन्यात ओटी भरते, आणि ओटीस हिरव्या बांगड्या लागतात. मग दर्याबाई कासारांकडे गेल्या आणि सांगितले, ओटीच्या बांगड्या भराल तेव्हा जुडीचा दोरा सोडाल तो फेकू नका, मडक्यात टाका. आणि मागील दोन महिन्यांत भरल्या त्यांचेही आठवून टाका. दोरे चौकात आले, रांगोळीवर पसरले. कुंभारपेठेत दोरे तितके दाणे. पैलपेठेवर दोरेच दोरे, शेवाळ दाटावे तैसे, आणि दाणा एक नाही. दर्याबाई म्हणाल्या, "पंत, यात माझी लेक कोणती, दाखवा." पंत दोऱ्यांपाशी वाकले. मग म्हणाले, "बाई, मेणे माझ्या नावेतून न्या." राणीसाहेबांनी मान डोलाविली, आणि सर्वांत चांगले भोई निवडून मेणे नदीपार गेले.

वैशाखात एके दुपारी सगुणेस कळा लागल्या. ते समयी दर्याबाई त्याच पेठेत दोन आळ्या पलीकडे, एका विणकराचे घरी पायाळू मूल सोडवीत होत्या. निरोप आला, हात गुंतला होता, सोडिता येईना. म्हणाल्या, "तिच्याकडे मेणा आहे ना?" भोई म्हणाला, "सकाळपासून दारातच आहे." "मग मला बोलावू नका," म्हणाल्या, आणि विणकराचे मूल पाय धरून सुखरूप बाहेर आणिले, आणि मग पदराने घाम पुशीत उन्हातून निघाल्या. ठकूबाई दारात होत्या, आणि घरात कोणी मोठ्याने रडत होते, आणि ते रडणे फार नवे होते. सगुणा निजून होती. म्हणाली, "आई, आम्ही तर कोणालाच काही सांगितलं नव्हतं गं." दर्याबाईंनी तिचे केस मागे सारिले. म्हणाल्या, "तेच तर ऐकायला इतका वेळ लागला, बाळे."

सारांश, राज्य तेच, मेणे तेच, भोई तेच, आणि पैलपेठ प्रथमच वेळेत आली. विसाजीपंतांनी ही युक्ती पुढे परराज्याचे वकिलांस आपली म्हणोन सांगितली. दर्याबाईंस ते कळले, आणि त्या नातीस न्हाऊ घालीत होत्या म्हणोन हरकत घेणे राहून गेले. झाले ते इतके. शाई वाळू द्यावी.