कॅमेऱ्यातला बिबट्या

आठ डोळे. पुढचे दोन टपोरे.

दोघांपुरतं पिठलं, खाणारं एक.

गावाबाहेरच्या उसात बिबट्याचे ठसे.

ओट्यावरच्या खांबाला कॅमेरा. त्याला सगळं दिसतं, पण चहा पाजता येत नाही.

मांडवगण फराटा गावात पुतळाबाई एकटी राहायची. मुलगा विश्वजीत रांजणगावच्या कंपनीत. बिबट्याच्या धास्तीनं त्यानं कॅमेरा बसवून घेतला आणि त्याचं येणंच थांबलं. "रोज मोबाईलवर बघतोय की तुला," म्हणायचा. तिला मात्र तो दिसत नसे.

बुधवारी दुपारी चारला कॅमेरा विश्वजीतच्या आवाजात एकदम ओरडला, "आई, घरात पळ! वट्यावर बिबट्या हाय!"

पुतळाबाई ओट्यावरच शेंगा फोडत बसली होती. "वट्यावर मीच हाय रं."

"तुझ्या मागं! केसाळ तोंड, ह्ये एवढाले डोळे!"

तिनं मागं पाहिलं. वाळत घातलेलं लुगडं होतं.

तोवर विश्वजीतनं शेजारच्या सोपानरावांना फोन लावला होता. सोपानराव काठी घेऊन आले, त्यांच्यामागं थाळ्या बडवत निम्मी आळी आली. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. त्या आवाजानं आळीतल्या गेणबाची शेरडं बिथरली आणि थेट अंगणातल्या कुरडयांवर तुटून पडली.

सोपानरावांची नात अनुपमा शेतकी कॉलेजात शिकत होती. ती स्टुलावर चढली. "आजी, ह्यो बघा तुमचा बिबट्या."

कॅमेऱ्याच्या काचेवर नखाएवढा केसाळ कोळी बसला होता. मान वळवावी तसा वळून तो एकेकाकडं टक लावून बघत होता.

"ह्यो जाळं विणत न्हाई. एकटाच हिंडतो, माशी दिसली की झेप घेतो. पन उडी मारायच्या आधी मागं धागा चिकटवून ठेवतो."

"शहाणा हाय," पुतळाबाई म्हणाली.

विश्वजीत अर्धी शिफ्ट टाकून, कंपनीच्या कपड्यांतच आला. त्यानं रुमालानं काच पुसली. कोळी उडाला, धाग्याला लोंबकळला आणि सरसर वर चढून कॅमेऱ्याच्या टोपीखाली शिरला. हे फक्त पुतळाबाईनं पाहिलं.

"आलाच हायस तर जेव."

तो तीन भाकरी जेवला. पिठल्याचं पातेलं पुसून खाल्लं. अंधार पडायच्या आत गेला.

दुसऱ्या दिवशी पुतळाबाईनं स्टूल ओढलं, कॅमेऱ्याच्या टोपीला बोटभर गूळ फासला. दुपारपर्यंत माश्या जमल्या. माश्यांमागं तो आला.

"आई, काचेवर परत त्यो कोळी! पुसून घे गं."

"माझा हात न्हाई पुरत, बाबा," असं म्हणून तिनं दोघांपुरतं पीठ कालवायला घेतलं.

मुळात हा कॅमेरा बसवायलाही दुकानातला माणूसच आला होता. विश्वजीतला त्या दिवशी सुट्टी होती.