विचारून येतो म्हटलेली नावं

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. आमचं छत्रीदुरुस्तीचं दुकान मोठ्या रस्त्यावरून मागच्या गल्लीत हललं. जुन्या गिऱ्हाईकांना पत्ता कळायचा कसा? दुकान बंद पडायची वेळ आली.

सूनबाई म्हणाली, "बाबा, इंटरनेटवर दुकानाच्या वेबसाइटसाठी नाव नोंदवू या. तिथे नवा पत्ता टाकू."

साठीनंतर अक्षरं शिकलेला मी! म्हटलं, "माझं मी नोंदवतो. तुम्ही नुसतं बघा!"

नावं विकणाऱ्या कंपनीच्या पानावर एका बोटाने 'छत्रीदुरुस्ती' टाइप केलं. उत्तर आलं, नाव शिल्लक आहे! पण मी पडलो आधी भाव विचारून घरी येणारा माणूस. अठ्ठेचाळीस वर्षांत हिला विचारल्याशिवाय सुतळीचा तोडासुद्धा घेतला नाही. स्वयंपाकघरात जाऊन हिला विचारून आलो, तर नाव गेलेलं! तेच आता वीसपट किमतीला!

दुसरं नाव विचारलं, हिच्याकडे गेलो, परत आलो. गेलं! तिसरंही! चौथंही! मी थक्क. एवढ्या अफाट जगात माझ्याच आवडीनिवडीचा कुणी माणूस आहे, आणि तो माझ्याहून चपळ आहे!

कंपनीला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "आजोबा, तुमच्या नावांवर तीन पार्ट्या टपून बसल्यात!"

माझी छाती फुगली.

ही म्हणाली, "तीन पार्ट्या? गेल्या महिन्यात दुकानात तीन माणसं आली नाहीत!"

सूनबाईने कपाळाला हात लावला. "अहो बाबा, तुम्ही विचारलंत की ती कंपनीच नाव उचलते आणि तुम्हालाच महाग विकते!"

"छे! असं कुणी करतं का?" म्हणत मी 'बिनकामाचा म्हातारा' विचारून पाहिलं. चहा पिऊन येतो, तर तोही गेलेला! मी पडद्यालाच हात जोडले. पाऊस पडायच्या आधी थेंब गोळा करून ठेवणारी माणसं ही!

"दुसऱ्या कंपनीकडे जा," ही कडाडली, "आणि या खेपेला मला विचारायला येऊ नका!"

सवयीने स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. पण तसाच मागे फिरलो आणि न विचारता घेऊन टाकलं: 'छत्रीवाली म्हातारी'.

नाव वाचून हिने तीन दिवस चहाचा कप माझ्यापुढे आदळला. मग गिऱ्हाईकं येऊ लागली आणि मला बाजूला सारून विचारू लागली, "त्या आजी कुठे आहेत?" ही पदर खोचून गल्ल्यावर बसली ती कायमचीच. मला लोक नोकर समजत, आणि हीसुद्धा त्यांचा गैरसमज दूर करत नसे.

माझी बायको पुढच्या वर्षी नऊ फेब्रुवारीला सकाळी वारली. गिऱ्हाईकं अजूनही विचारतात, "त्या आजी कुठे आहेत?"