बाटलीमागे तीन ग्रॅम

एखादा समाज किती सुधारलेला आहे, हे त्याच्या पुलांवरून किंवा रेल्वेवरून कळत नाही. दुसऱ्याची चूक त्याला कळू न देता दुरुस्त करणारी माणसं घरटी किती निघतात, यावरून कळतं. या मापाने उएदा शहरातलं उएमात्सुंचं घर फारच पुढारलेलं होतं. घरात माणसं चार, आणि चारही सुधारलेली.

योशिहारु उएमात्सु करखात्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून दशांशचिन्ह कधी सरकलं नाही. (एकदा सरकलं होतं, पण ते साहेबांच्या हातून. उएमात्सुंनी ते गुपचूप जागेवर नेऊन ठेवलं.) अलीकडे मात्र घरात कुजबुज सुरू झाली होती. वसंतात ते दोनदा छत्री विसरून आले, एकदा न्हाणीतलं पाणी तापत ठेवून विसरले. बायको सुमिए आणि सत्त्याऐंशी वर्षांची आई किनू, दोघी त्यांना एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त घरात स्वस्तातल्या छत्र्या येऊ लागल्या. उएमात्सुंच्या ते लक्षात आलं आणि मनाला फार लागलं. आपलं डोकं ठिकाणावर आहे हे दाखवायला त्यांनी घरी बिअर करायला घेतली. मुलीचे, मिचिरुचे, होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच जेवायला येणार होते. त्यांच्यापुढे हीच बिअर ठेवायची, असं ठरलं.

घरच्या बिअरमध्ये मद्यार्क एक टक्क्याच्या आत असावा, असा कायदा आहे. तो पाळणारे किती, याची आकडेवारी मिळत नाही, कारण असं विचारणं उद्धटपणाचं दिसतं. उएमात्सु पाळत. पिंपातल्या बिअरचा अर्धा टक्का. बाटलीत फेस धरावा म्हणून घालायची साखर अर्ध्या लिटरमागे तीन ग्रॅम, तिचे चार दशांश. बेरीज शून्य पूर्णांक नऊ. उरलेला एक दशांश त्यांनी सरकारचा मान म्हणून सोडला होता.

रिकाम्या बाटलीत आधी साखर, मग बिअर, मग झाकण, असा क्रम असतो. त्या शनिवारी दुपारी उएमात्सुंनी बारा तपकिरी बाटल्यांत तोलून साखर घातली आणि आळीतली सूचनांची फिरती फाइल शेजारी द्यायला गेले. (विषय: गटारसफाई. पाने: दोन. त्यावर चहा: चाळीस मिनिटं.)

तेवढ्यात सुमिए स्वयंपाकघरात आली. बाटलीत डोकावली, पण तपकिरी काचेतून काही दिसेना. "विसरले वाटतं," ती स्वतःशी म्हणाली. आता हे सांगून त्यांना कशाला खजील करायचं? तिने प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर घातली आणि कपडे वाळत घालायला गेली. मग किनू आली. तिला तर काचेपलीकडचं अंगणही दिसत नसे. "लहानपणी दप्तर विसरायचा, मेला," म्हणत तिनेही बारा चमचे घातले. हे दारातून मिचिरुने पाहिलं. आजीला ओशाळं वाटू नये म्हणून ती आल्या पावली परतली. अशा रीतीने एकही बैठक न होता, विरोधात एकही मत न पडता, बारा बाटल्यांना तीन खात्यांची मंजुरी मिळाली. उएमात्सुंनी परत येऊन त्यांत बिअर ओतली आणि झाकणं लावली.

तीन आठवड्यांनी मिचिरुचे होणारे सासू-सासरे, सावागुची पतिपत्नी, आले. नमस्कार झाले, बसायच्या जागांवरून रीतीप्रमाणे तीनदा "छे छे, तुम्ही वर बसा" झालं. उएमात्सुंनी पहिली बाटली उघडली. फेस आधी छताला लागला आणि मग सावागुचींच्या टायवर उतरला. पहिला प्रकार अपवाद होता हे दाखवायला त्यांनी दुसरी उघडली.

"माझंच चुकलं," सावागुची टाय पिळत म्हणाले, "मी जरा जास्तच पुढे सरकून बसलो."

"घरची आहे ना," त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "म्हणून तर एवढा जोर आहे हो."

उएमात्सुंनी तळाशी उरलेला घोट चाखला. अडतीस वर्षं मद्यावरचे कर तपासलेली जीभ ती. तीन ग्रॅम, वर चार, वर आणखी चार. म्हणजे जवळजवळ दोन टक्के, म्हणजे उघड गुन्हा. त्यांनी मान वर केली. सुमिए चटईकडे बघत होती, किनू डोळे मिटून बसली होती आणि मिचिरु छत निरखत होती. उएमात्सुंना एका क्षणात सगळं समजलं.

"मी तीनच ग्रॅम घातली होती," एवढं म्हटलं असतं तर त्यांचं डोकं निर्दोष सुटलं असतं. ते ऐकवायला तर त्यांनी हा खटाटोप केला होता. पण मग व्याह्यांसमोर बायको आणि आई उघड्या पडल्या असत्या.

"मीच दोनदा घातली असणार," ते म्हणाले. "हल्ली लक्षातच राहत नाही."

त्यांच्या आयुष्यातली ही पहिली खोटी नोंद.

"असू दे रे," सत्त्याऐंशी वर्षांची किनू म्हणाली. "वय झालं तुझं."

सुमिएने सुटकेचा निःश्वास टाकला. लग्न तिथल्या तिथे पक्कं झालं. त्या दिवसापासून उएमात्सु विसरतात ही गोष्ट घरात अधिकृत झाली. आता त्यांनी गॅस बंद केला की मागून दोघीजणी तो बंद झालाय का ते बघून येतात, एकमेकींना न सांगता. उएमात्सुंना पावलं ऐकू येतात. ते वर्तमानपत्र वाचत राहतात.

वाचकांना हे घर विनोदी वाटलं असेल, तर त्यात गैर काही नाही. फक्त आपल्या घरी गेल्या खेपेला कोणीतरी "माझ्याच हातून झालं असेल, मीच विसरले" असं म्हणालं होतं, आणि आपल्याला एकदम हायसं वाटलं होतं. ती खरंच विसरली होती का, हे आपण अजून विचारलेलं नाही.